अंत्युखियाची पंगत आणि आपली नियमपत्रिका

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील मंडळ्यांचे पाळकसाहेब, वडीलमंडळे, पास्टरेट कमिट्या आणि संडे स्कूलचे शिक्षक यांना खुले पत्र

ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, जवळ आला, की आपल्याकडे एक कागद फिरू लागतो, नियमपत्रिकेचा. कुठे तो छापलेला असतो, कुठे मोबाइलवर येतो, कुठे सूचनांच्या वेळी नुसता वाचून दाखवतात. चाळीस दिवस काय खायचे नाही, काय पाहायचे नाही, कुणाच्या घरचे काय घ्यायचे नाही, किती महिन्यांची वर्गणी थकली की प्रभुभोजनाला येऊ नये. एकेक ओळ सुटी वाचली तर फारसे वावगे काही दिसत नाही. घोटाळा आहे तो कागदाच्या जागेचा. बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या वर्गात हाच कागद पहिल्या रविवारी हातात पडतो, आणि पंधरा वर्षांचे पोर त्यावरून धडा घेते, की देव म्हणजे बिडी कारखान्यातला चेकर.

ही उपमा सोलापुरात समजावून सांगावी लागत नाही. पान, तंबाखू, सूत घरी आणायचे, हजारी दराने बिडी वळायची, कारखान्यात नेऊन द्यायची. तिथला माणूस माल हातात घेतो, बोटांनी चाळतो. सैल, आखूड, फाटक्या पानाची बिडी बाजूला पडते. ती छाट. बाई समोर उभी असते, तिचे सगळे लक्ष त्या बोटांकडे. या शहरातल्या हजारो घरांनी हा क्षण रोज अनुभवला आहे, तेव्हा रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय खरे तर इथे सगळ्यांत लवकर उमगायला हवा.

कारण पौल तिथे मजुरीचीच भाषा बोलतो. काम करणाऱ्याला मिळते ते त्याचे देणे असते, मेहेरबानी नसते. आणि ज्याच्याजवळ दाखवायला काम नाही, पण जो अभक्ताला नीतिमान ठरवणाऱ्यावर भरवसा टाकतो, त्याचा तो विश्वासच नीतिमत्त्व म्हणून गणला जातो (४:४–५). ‘गणला जातो’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो हिशेबाच्या वहीतला आहे, जमेला धरणे अशा अर्थाचा, आणि या एका अध्यायात तो अकरा वेळा येतो. वर्गात शिकवताना ‘अभक्ताला’ या शब्दावरून घाईने पुढे जाऊ नये. पौलाने ‘सुधारलेल्याला’ असे लिहिलेले नाही.

नियम की विश्वास, हा वाद जेवणावरूनही पेटला. अंत्युखिया शहरात यहूदी विश्वासी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासी एकत्र जेवत. पेत्रही त्यांच्यात बसे. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली, आणि पेत्र मागे सरकू लागला, मग वेगळाच बसू लागला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले. बर्णबासारखा माणूससुद्धा ओढला गेला (गलती २:११–१४). मराठीत याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. पेत्राने चुकीची शिकवण दिली नव्हती, कुणाला नियम वाचून दाखवला नव्हता. त्याने फक्त आपले ताट उचलले होते. तेवढ्यावर पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर अडवले. नियमशास्त्रातील कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे आपण भिंतीवर लावतो ते वचन (२:१६) या पंगतीच्या भांडणाला लागूनच येते.

म्हणून ‘कृपा आम्ही मानतोच, नियम आहेत ते शिस्तीपुरते’ हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. पेत्रालाही ते देता आले असते. नियम कशापुरता आहे हे कागदावरच्या शब्दांवरून ठरत नाही. तो मोडणाऱ्याला कुठे बसवले जाते यावरून ठरते. आपल्या जिल्ह्यात चोखोबांना विठोबाच्या पायरीशी थांबावे लागले, मंगळवेढ्यात भिंतीखाली सापडून त्यांचा अंत झाला. पंढरपूरचे मंदिर सगळ्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. अशा जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळीने स्वतःची वेगळी पायरी बांधू नये.

परराष्ट्रीय विश्वासीयांवर नियमशास्त्र लादायचे का, याचा निकाल यरुशलेमेच्या सभेत लागला, साधारण इसवी सन ४९ च्या सुमारास. जे जू आपल्या वाडवडिलांना आणि आपल्यालाही झेपले नाही ते या शिष्यांच्या मानेवर का ठेवता, असे त्या सभेत विचारणारा पेत्रच होता (प्रेषितांची कृत्ये १५:१०). सभेने पाठवलेले पत्र सात वचनांचे आहे. त्यात चार गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत: मूर्तींना अर्पिलेले, रक्त, गळा दाबून मारलेले आणि जारकर्म. सुंतेचा उल्लेख नाही, सणवारांचा नाही, दशांशाचा नाही. आणि त्या चारांचा विषय निघाला तोही शेजारी राहणाऱ्या यहूद्यांकडे पाहून, गावोगावी मोशेचे नियमशास्त्र वाचले जाते म्हणून (१५:२१). आपली पत्रिका लिहिणाऱ्यांनी लांबीची ही मर्यादा तरी पाळून पाहावी.

आता नियमशास्त्राविषयी. ते वाईट आहे असे शिकवणे ही दुसऱ्या बाजूची चूक, आणि ती जुनी आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोनाने सबंध जुना करारच बाजूला काढला आणि रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. पौल नियमशास्त्राला पवित्र म्हणतो (रोम ७:१२). यहूदी लोकही नियम पाळून देवाला विकत घेऊ पाहत होते असे सरसकट सांगू नये. त्यांच्यासाठी ते कराराचे दान होते. ‘परूशी’ हा शब्द शिवीसारखा वापरण्याची आपली सवय सुटली तर बरेच होईल.

पण दानाची मुदत होती. गलती ३:२४ मध्ये आपल्या मराठी बायबलात ‘बालरक्षक’ असा शब्द आहे. मूळ शब्द ‘पाइडागोगोस’. तो शिक्षक नव्हे. श्रीमंत घरातला एक गुलाम, मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, वाटेत कान धरणारा. मुलगा वयात आला की त्याचे काम संपले. गंमत पुढे आहे. तीत २:११–१२ मध्ये देवाची कृपा आपल्याला अभक्ती आणि ऐहिक वासना नाकारायला शिकवते असे म्हटले आहे, आणि तिथले ‘शिकवते’ हे क्रियापद त्याच कुळातले आहे. म्हणजे बालरक्षक निवृत्त झाल्यावर मुलाला मोकाट सोडलेले नाही, त्याला गुरुजी मिळाले आहेत. कृपा म्हणजे सूट, असे जे आपल्याकडे मानले जाते, त्याला या एका वचनात उत्तर आहे.

निवडक नियम उचलण्याची अडचण सोलापूरकरांना कापडावरून चटकन दाखवता येते. लोकर आणि तागाचे सूत एकत्र विणलेले वस्त्र अंगावर घालू नको, अशी आज्ञा अनुवाद २२:११ मध्ये आहे. लेवीय १९:१९ मध्येही दोन जातींच्या सुतांच्या कापडाची मनाई आहे. उभ्या धाग्यात एक सूत आणि आडव्यात दुसरे, हा तर मागावरचा रोजचा व्यवहार. तरी पत्रिकेत ही आज्ञा कुणी कधी घातलेली नाही. का नाही, असे विचारले तर सांगतात, की हा विधींचा भाग होता, नैतिक भाग तेवढा उरला. नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक अशी ही तीन भागांची वाटणी नंतरच्या शिक्षकांची आहे, उपयोगी आहे, आम्हीही वापरतो. पण खुद्द शास्त्रात आज्ञांवर असे शिक्के नाहीत. यहूदी परंपरेने ६१३ आज्ञा मोजल्या, त्यांतल्या २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. आणि पौल बजावतो, की एका सुंतेपुरते नियमशास्त्र पत्करले तरी ते सगळेच पाळण्याचे ऋण अंगावर येते (गलती ५:३). आपण लेवीय २७ मधला दशांश ठेवतो आणि लेवीय १९ मधले सूत सोडतो, तेव्हा हे आपण कुठल्या अधिकाराने करतो, याचे उत्तर प्रत्येक वडीलमंडळाजवळ तयार हवे.

दशांशाचा विषय निघालाच आहे तर हिशेब पूर्ण मांडू. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची १०० पोती झाली असे धरा. पहिला दशांश लेव्यांचा, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या वंशाचा, १० पोती (गणना १८:२१). त्यांतून लेवी आपला दशांश याजकाला देत, १ पोते (१८:२६). उरलेल्या ९० मधला दुसरा दशांश, ९ पोती, शेतकऱ्याने यरुशलेमेत नेऊन आपल्या घरच्यांसह देवासमोर खायचा. वाट लांब असेल तर पैसे करून न्यायचे आणि तिथे मन होईल ते विकत घ्यायचे (अनुवाद १४:२२–२७). दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर घालायचा (१४:२८–२९). दशांश आहे तो शेतमालाचा, फळांचा आणि गुराढोरांचा. रोजंदारीवरच्या मजुराच्या मजुरीवर दशांश लावणारी आज्ञा नियमशास्त्रात आम्हाला दाखवून द्यावी. तेव्हा बिडी वळून पोट भरणाऱ्या विधवेला मलाखी ३:९–१० ऐकवून शापाची भीती घालणे हे कृपेला सोडून आहेच, पण नियमशास्त्रालाही सोडून आहे. त्या व्यवस्थेत ती देणाऱ्यांच्या यादीत नव्हती, घेणाऱ्यांच्या यादीत होती.

नव्या करारातले देणे २ करिंथ ८ आणि ९ मध्ये आहे: ज्याच्याजवळ जेवढे आहे त्या मानाने, मनात ठरवल्याप्रमाणे, खेद न करता. वडीलमंडळाने करायचे ते इतके. पाकिटावर नाव नको. कुणी किती दिले हे वाचून दाखवणे बंद. मोजायला दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे, दोघांच्या सह्या, आणि महिन्याचा जमाखर्च दाराशी फळ्यावर. पैशाच्या बाबतीत कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने हीच काळजी घेतली होती (८:२०–२१). सुरुवातीला जमा कमी होईल. काही महिने तरी हे धरून चालावे, घाबरून पुन्हा नावे वाचू नयेत. आणि दफनभूमीतली जागा थकलेल्या वर्गणीला बांधलेली असेल, तर ती गाठ आजच सोडावी.

प्रभुभोजनाच्या बाबतीत चूक एका शब्दावरून होते. १ करिंथ ११:२७ मध्ये ‘अयोग्य प्रकारे’ असे आहे. ते क्रियाविशेषण आहे. खाण्याच्या रीतीबद्दल बोलते, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. रीत कुठली ते आधीच्या वचनांत आहे: पैसेवाले आधी येऊन जेवून घेत, प्याले रिचवत, आणि काम संपवून उशिरा येणारे उपाशी राहत (११:२१). पौलाचा उपायही साधा आहे, एकमेकांसाठी थांबा (११:३३). या उताऱ्याच्या जोरावर आपण गरिबालाच, म्हणजे वर्गणी थकलेल्याला, मेजापासून उठवतो. पौलाने ज्यांना झापले त्यांच्या जागी आपण बसलो आहोत.

याच मेजाजवळ आणखी एक गोष्ट घडते, जी कुठल्याच पत्रिकेत नसते. पाळी आलेली मुलगी प्रभुभोजनाला जात नाही. पाळकसाहेबांनी सांगितलेले नसते. मावशीने, आजीने हळूच कानात सांगितलेले असते. मुलगी मागच्या बाकावर बसते आणि ताट जवळ आले की मान खाली घालते. लेवीय १५:१९ मधले सात दिवस आणि घरातले पिढीजात सोवळे-ओवळे यांची ही सरमिसळ आहे. बारा वर्षे रक्तस्राव होत असलेल्या बाईने गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावला तेव्हा विटाळ त्याच्याकडे गेला नाही, सामर्थ्य तिच्याकडे आले. आणि त्याने तिला सगळ्यांसमोर ‘मुली’ अशी हाक मारली (मार्क ५:२५–३४). हे महिला मंडळात नाही, मुख्य उपासनेत, पुरुषांसमोर, मेज मांडलेले असताना सांगावे. वर्षातून दोनदा. एकदा सांगून पिढ्यांची सवय जात नाही.

शेजारधर्माचे नियम हा पत्रिकेतला सगळ्यांत लांब भाग, आणि करिंथकरांस पहिले पत्र लिहिताना पौलाने त्याची फोड फार बारकाईने केली आहे. देवळातल्या भोजनाच्या मेजावर बसायचे नाही (१०:२१). बाजारात मिळते ते चौकशी न करता खायचे (१०:२५). कुणी घरी बोलावले तर वाढतील ते खायचे (१०:२७). मात्र कुणी मुद्दाम सांगितले, की हे अर्पण केलेले आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी आणि त्याच्या मनासाठी खायचे नाही (१०:२८). म्हणजे एकच पदार्थ, तीन जागा, तीन उत्तरे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन दारात येतात. तिळगूळ ही भेट आहे, अर्पण नव्हे. हसून घ्यावा, गोड बोलावे. ‘हा प्रसाद आहे’ असे त्यांनी सांगितले आणि आपले मन घेत नसेल, तर हात जोडून नम्रपणे तसे सांगावे. चांगली शेजारीण समजून घेते. घेऊन मागल्या दाराने टाकून देणे, हे मात्र कधीही नको. त्यात देवाचा मान नाही आणि काकूंचाही नाही. ज्याचे मन खायला धजावत नाही त्याला खाणाऱ्याने हसू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये (रोम १४:३). पत्रिकेत यातले काय मावणार? ‘घेऊ नये’ एवढेच मावते.

रविवारविषयी थोडेच. दवाखान्यातल्या सिस्टर, वॉचमन, पाळीवर जाणारे कामगार यांना ‘शब्बाथ मोडला’ म्हणून टोचू नये. रविवारची सरकारी सुट्टी कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये दिली. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक कामावर जाण्याआधी जमत. प्लिनी या रोमन सुभेदाराने सुमारे ११२ मध्ये बादशहाला कळवले होते, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र येतात. महिन्यातून दोनदा सकाळी साडेसहाची उपासना ठेवली तर अर्धे गैरहजर सापडतील.

आता वर्गाचा क्रम. आमची मुख्य मागणी हीच आहे.

दहा आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात येतात. लोक मिसरातून सुटले ते त्याआधी, बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत. आणि आज्ञा सुरू होतात त्या ‘मी तुला दास्यगृहातून बाहेर आणले’ या वाक्यानंतर. सुटका आधी, सिनाय नंतर. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत मूळ भाषेत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘आठवण करा’ (२:११). चौथ्यापासून मात्र आज्ञांची रांग लागते. रोमकरांस पत्रात वाचकाला ‘तुम्ही असे करा’ म्हणून पहिली आज्ञा भेटते ती ६:११ मध्ये, आणि ती आज्ञा तरी कसली, तर ख्रिस्तात तुमचे जे झाले आहे ते खरे माना. शिक्षकांनी एक प्रयोग करावा. मागच्या रविवारचे प्रवचन घेऊन ‘केले पाहिजे’, ‘करू नये’ अशी वाक्ये एका रकान्यात आणि ‘देवाने केले आहे’ अशी दुसऱ्या रकान्यात मांडावीत. आकडे स्वतःच बोलतील.

वर्ग दहा रविवारांचा धरावा, पाऊण तासाचा. पहिले दोन रविवार निर्गम १२ ते २०, गोष्ट म्हणून. पुढचे दोन रोम ३:२१ ते चौथ्याच्या शेवटापर्यंत. पाचवा रोम ६, सहावा रोम ७, सातवा रोम ८:१–१७. आठव्या-नवव्याला दहा आज्ञा आणि डोंगरावरील प्रवचन. दहाव्याला प्रभुभोजन, शक्यतो मेजाजवळच उभे राहून, भाकर आणि पेला हातात घेऊन. हा क्रम आमच्या डोक्यातून निघालेला नाही. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न आहेत, तीन भागांत: माणसाची दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. दहा आज्ञांचे विवरण तिसऱ्या भागात आहे, ९२ व्या प्रश्नापासून. ल्यूथरने १५२९ मध्ये उलट क्रम घेतला, आज्ञा आधी, म्हणजे गरज कळावी. पण त्याच्या पुस्तिकेत आज्ञांच्या मागोमाग मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, येतो, मुलाला आज्ञांपाशी सोडून शिक्षक घरी जात नाही. आपला कागद तेच करतो.

वर्ग बिघडतो तो पाचव्या रविवारी. कुणीतरी विचारते, ‘मग काय केलं तरी चालतं का?’ शिक्षक घाबरतो आणि पिशवीतून पत्रिका काढतो. काढू नये. हा प्रश्न पौलाने स्वतःच ६:१ मध्ये लिहून ठेवला आहे. तो आला म्हणजे चार आठवडे बरोबर शिकवले गेले. नाही आला तर मागे जाऊन पुन्हा शिकवावे. पौलाचे उत्तर तीन क्रियापदांत आहे: तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात हे ठाऊक असू द्या (६:३, ६, ९), तसे स्वतःला माना (६:११), आणि आपले अवयव देवाच्या हवाली करा (६:१३). तिसऱ्यापाशी थांबून अवयवांची नावे घ्यावीत. जीभ, हात, डोळे, आणि आज हातात असलेला मोबाइल.

पवित्र आयुष्य प्रत्यक्षात कसे घडते, यासाठी इफिस ४:२८ सारखे वचन नाही. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी. हातांनी कष्ट करावेत. म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही राहील. एक सोडणे, दुसरे धरणे, तिसरे कारण. नियम पहिल्यापाशी संपतो. तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या घराचे उदाहरण वर्गात घ्या. आकडा काढला, नियम पुरा झाला. मीटर घेतला, बिल भरू लागला, ही दुसरी पायरी. शेजारच्या म्हातारीचे कनेक्शन तुटले तेव्हा तिच्या घरात दिवा लावून दिला, तिथे पौल पोहोचवू पाहतो. चोर दाता होतो. कायदा पाळणाऱ्या शंभर जणांतही हा माणूस वेगळा ओळखू येतो, आणि ‘एकमेकांची ओझी वाहा’ हा ख्रिस्ताचा नियम (गलती ६:२) त्याच्या नकळत पुरा होत असतो.

गलती ५:१९ मध्ये देहाची ‘कर्मे’ अनेकवचनी आहेत, २२ मध्ये आत्म्याचे ‘फळ’ एकवचनी. नऊ गुण, फळ एक. डाळिंबाच्या जिल्ह्यात हे सांगायला चित्राची गरज नाही. एकाच सालीत दाणे, एकाच देठातून रस. संडे स्कूलमध्ये या नऊ गुणांचे नऊ रकाने करून दर आठवड्याला टिकमार्क करायचा तक्ता लावलेला असेल तर काढून ठेवावा. फळाचा पुन्हा छाटीचा ढीग झाला.

दुसरी बाजू सांगितली नाही तर हे पत्र अर्धवट राहील. कृपेच्या नावाखाली आपल्याकडे झाकपाक होते, तीही कमी नाही. शनिवारी दारू पिऊन बायकोला मारणारा रविवारी ‘प्रभूने क्षमा केली’ म्हणून साक्ष देतो, आणि कमिटी बायकोलाच समजावायला जाते. मत्तय १८:१५–१७ मधल्या पायऱ्या (एकट्याने, मग एक-दोन जण घेऊन, मग मंडळीपुढे) आपसातल्या अपराधासाठी आहेत. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर एकटीने बसवण्यासाठी नाहीत. तिथे आधी तिचा जीव. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे, ‘मंडळीत मिटवू’ ही सवलत कुणालाच नाही. पौलाने करिंथातल्या एका माणसाला मंडळीबाहेर ठेवायला सांगितले (१ करिंथ ५). दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या एकाविषयी, आता पुरे, त्याला क्षमा करा, तो दुःखात बुडून जाऊ नये, असेही लिहिले (२:६–८). बाहेर ठेवताना परतीची वाट कोण दाखवणार, हे त्याच सभेत नाव घालून लिहून ठेवावे. आमच्या मते नियमपत्रिका जिथे कडक असते तिथेच ही झाकपाक जास्त होते, कारण टिकली-बांगडी मोजण्यात गुंतलेल्या कमिटीला मारहाण घरगुती वाटते.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. ग्रीक-हिब्रू शिकून सबंध बायबल मराठीत आणणारी ही बाई पुढे आपल्या साक्षीत कबूल करते, की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षे तिला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. दृढीकरणाच्या वर्गातले आपले मूल रमाबाईंइतके चिवट नसते. ते तेवढी वर्षे थांबणार नाही, कॉलेजला गेले की येणे बंद करील.

पुढच्या मासिक सभेत आपण दोन ठराव घ्यावेत अशी विनंती आहे: वर्गाचा क्रम बदलण्याचा, आणि प्रभुभोजन व दफन वर्गणीपासून सोडवण्याचा. वर्गासाठी शिक्षक लागले तर आम्ही येऊ; वेळ मात्र कारखान्यात माल देऊन बायका घरी परततील त्यानंतरची ठेवावी, नाहीतर ज्यांच्यासाठी हे सगळे लिहिले त्याच बाहेर राहतील. यंदाची पत्रिका छापायला गेली असेल तर रद्द करून पैसे वाया घालवू नयेत. पाठची बाजू कोरी असेलच. तिच्यावर तीत २:११–१४ ही चार वचने मोठ्या टायपात छापून घ्यावीत, आणि कागद वाटताना ती बाजू वर ठेवावी.

आपले,
दृढीकरणाचे वर्ग शिकवणारे काही जण
सोलापूर